शके ५५६ : ऐहोळे प्रशस्तीतील कालनिर्देशाचे परीक्षण

ऐहोळे येथील टेकडीवर असलेल्या मेगुती नामक जैन मंदिराच्या भिंतीवर बदामीच्या चालुक्य घराण्यातील सत्याश्रय पुलकेशी दुसरा याची प्रशस्ती कोरलेली आहे. तिचा कर्ता रविकीर्ती. सदतीस श्लोकांच्या या काव्यास इतिहासाच्या आणि वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांनी जो मान दिला आहे, तो मुख्यतः तीन कारणांसाठी. एक, हर्षाच्या पराभवाचा तीत उल्लेख आहे. दुसरे, कालिदास व भारवी यांची नावे शेवटच्या श्लोकात येतात. आणि तिसरे, काव्याच्या अखेरीस कालाचा निर्देश आहे, तोही एका गणनेने नव्हे तर दोहोंनी. भारतयुद्धापासून ३७३५ वर्षे आणि शक राजांच्या कालाची ५५६ वर्षे लोटली असता हे जिनमंदिर उभे राहिले, असे कवी सांगतो. पहिल्या दोन कारणांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. तिसऱ्याकडे मात्र 'दोन संवतांनी निश्चित झालेले वर्ष' एवढ्याच समाधानाने पाहिले जाते, आणि या समाधानाचा पाया तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही.

दोन गणना परस्परांशी जुळल्या म्हणजे वर्ष दुप्पट विश्वसनीय झाले, अशी ही समजूत आहे. तिच्याच पोटी आणखी एक समजूत जन्मास आली आहे: भारतयुद्ध इ. स. पू. ३१०२ च्या सुमारास झाले या मतास सातव्या शतकातील शिलालेखाचा स्वतंत्र पुरावा मिळतो, ही. दोन्ही समजुती एकाच तर्कावर उभ्या आहेत. तो तर्क असा की, दोन आकडे म्हणजे दोन साक्षी. प्रस्तुत लेखाच्या बाबतीत तो टिकत नाही.

३७३५ मधून ५५६ वजा केले असता ३१७९ उरतात. ज्योतिषग्रंथांचा ज्याला किंचितही परिचय आहे त्याला हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण कलियुगाचा आरंभ आणि शककालाचा आरंभ यांमधील हे सर्वमान्य अंतर होय. रविकीर्तीच्या काळी ते नव्याने शोधावयाचे राहिले नव्हते. कलीची साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० वर्षे लोटली तेव्हा आपल्या जन्मास तेवीस वर्षे झाली होती, असे आर्यभटाने सांगितले आहे. ते वर्ष इ. स. ४९९ हे होय. वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेतील गणितासाठी शके ४२७ हे वर्ष घेतले. आणि ब्रह्मगुप्ताने तर ब्राह्मस्फुटसिद्धांतात शककालापूर्वीची कलीची वर्षे ३१७९ ही संख्या स्पष्टच दिली. तो ग्रंथ शके ५५० मधला, अर्थात ऐहोळे प्रशस्तीच्या अवघी सहा वर्षे आधीचा. ब्रह्मगुप्ताचा ग्रंथ रविकीर्तीच्या दृष्टीस पडला होता असे मानण्याचे कारण नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. राजसभेतील कोणत्याही गणकास हे अंतर तोंडपाठ असणार. शकाचे वर्ष हाती असले की त्यात ३१७९ मिळवावयाचे, आणि भारतयुद्धापासूनचे वर्ष तयार. तेव्हा ऐहोळ्यास दोन साक्षीदार नाहीत. साक्षीदार एकच आहे आणि त्याने आपला जबाब दोन रीतींनी दिला आहे.

येथे पाठाचा एक प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. भारतयुद्धापासूनची वर्षे ज्या श्लोकात आहेत, त्यात पाचाच्या संख्येपूर्वी येणारा शब्द शिलेवर 'शतेषु' असा आहे. संपादकांनी तो 'गतेषु' असा शोधून घेतला आहे. किल्हॉर्नने एपिग्राफिया इंडिकाच्या सहाव्या खंडात प्रशस्तीचे जे संपादन केले, त्यात ही दुरुस्ती दिसते आणि पुढे ती सर्वमान्य झाली. दुरुस्ती योग्यच आहे याविषयी शंका नको. 'शतेषु' कायम ठेवले तर पाचांचे पाचशे होतात, एकंदर बेरीज ४२३० वर जाते, आणि पुलकेशी बाराव्या शतकात येऊन बसतो. कोरक्याच्या हातून 'ग' च्या जागी 'श' पडणे अगदी स्वाभाविक होते, कारण त्याच श्लोकार्धात थोडे आधी 'शत' शब्द खरोखरीच आलेला आहे. परंतु ही दुरुस्ती कशाच्या आधारे योग्य ठरते हे पाहण्यासारखे आहे. ती योग्य ठरते पुढील श्लोकातील ५५६ या शकवर्षाच्या आधारे, ३१७९ हे अंतर गृहीत धरून. म्हणजे शकाच्या साहाय्याने कलीचा आकडा वाचावयाचा आणि मग त्या कलीने शकाचे समर्थन केले असे म्हणावयाचे, असा हा प्रकार होतो. संपादकाने केलेल्या निर्दोष कामातून वाचकांनी काढलेला हा सदोष निष्कर्ष आहे.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट श्लोकांच्या रचनेत आहे. हस्तपुस्तिकांतून 'कलिवर्ष ३७३५' असा जो उल्लेख सर्रास आढळतो, तसा तो प्रशस्तीत नाही. कवी ३७३५ वर्षे मोजतो ती भारतीय युद्धापासून. 'कली' हा शब्द येतो तो पुढच्या श्लोकात, शकवर्षांच्या संगतीत, आणि तेथे त्याचा अर्थ 'कलियुग चालू असता' इतकाच आहे. युद्ध आणि कलीचा आरंभ ही एकच घटना, असे समीकरण कवीने शब्दांत कोठेही मांडलेले नाही. त्याच्या आकड्यांवरून ते आपण काढतो. काढतो ते बरोबरच, पण हे समीकरण त्या काळी एकमेव नव्हते ही गोष्ट मग नजरेआड होते.

वराहमिहिराने बृहत्संहितेत युधिष्ठिराचा काल शकापूर्वी २५२६ वर्षे असा दिला आहे. त्या हिशेबाने शके ५५६ मध्ये पांडवांच्या कालापासून ३०८२ वर्षे होतात. रविकीर्तीच्या आकड्याहून ही संख्या ६५३ ने उणी. कल्हणाने राजतरंगिणीत नेमके हेच मत स्वीकारले आणि कलीची ६५३ वर्षे लोटल्यावर कौरवपांडव झाले असे सांगून युद्ध द्वापाराच्या अंती झाले मानणाऱ्यांना भ्रांत ठरविले. इकडे महाभारताच्या मौसलपर्वाप्रमाणे युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी यादवांचा क्षय झाला, आणि कृष्ण निजधामास गेला तेव्हा कली लागला असे पुराणे म्हणतात. ही परंपरा काटेकोरपणे धरली तर युद्ध कलीच्याही छत्तीस वर्षे अलीकडे नव्हे, पलीकडे जाते आणि शके ५५६ चे वर्ष युद्धापासून ३७७१ वे ठरते. एकाच वर्षाला, एकाच घटनेपासून मोजून, तीन संख्या: ३०८२, ३७३५ आणि ३७७१. तिन्ही आपापल्या जागी शास्त्रसंमत. ऐहोळ्याच्या लेखावरून युद्धाचा काल सिद्ध होत नाही; सातव्या शतकात चालुक्यांच्या आश्रयाखालील एका विद्वानाने या तीन मतांपैकी कोणते उचलले, एवढेच सिद्ध होते. तेही थोडे नाही.

त्याने तेच का उचलले, हा प्रश्न खरे पाहता काव्यसमीक्षेचा आहे. रविकीर्ती जैन होता. त्याने बांधविले ते जिनालय, आणि काव्याचा आरंभही जिनेंद्राच्या जयघोषाने होतो. जैनांपाशी स्वतःची अशी कालगणना होती. वीरनिर्वाणापासून शककालापर्यंत ६०५ वर्षे व ५ महिने, हा हिशेब जैन ग्रंथांत प्रसिद्ध आहे. वीरनिर्वाणाचे ११६१ वे वर्ष लोटल्याचा निर्देश जिनमंदिराच्या लेखात अगदी शोभून दिसला असता. तो न करता कवी कुरुक्षेत्रावरील युद्धाकडे वळतो. या निवडीची संगती सबंध काव्याच्या रोखात लागते. प्रशस्तीचा नायक हा दिग्विजयी राजा. लाट, मालव, गुर्जर, कोसल, कलिंग, पल्लव, चोल अशी नावे एकामागून एक येतात, आणि त्यातच नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांच्या आधिपत्याचा प्रसिद्ध उल्लेखही येतो. चालुक्य स्वतःस मानव्यगोत्री व हारितीपुत्र म्हणवीत. अशा राजाच्या पराक्रमाची परिणती ज्या वर्षात सांगावयाची, ते वर्ष भारतयुद्धाच्या मापाने मोजले जावे यात औचित्य आहे. वीरनिर्वाण हे श्रावकांपुरते वर्ष. भारतयुद्ध हे सभेचे वर्ष. स्वतःस कालिदास व भारवी यांच्या पंक्तीस बसविणाऱ्या कवीचा श्रोता कोण, हे यावरून सहज कळते.

एका अंगाने मात्र कवीने सभेचे मन राखलेले दिसत नाही. संख्या काव्यात गोवण्याचा जो भूतसंख्यांचा मार्ग ज्योतिष्यांनी रूढ केला होता, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार इत्यादी, त्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तीस, तीन सहस्र, सात शते, पाच. आणि मग पन्नास, सहा, पाच शते: उघडेवाघडे आकडे, छंदास जेथे जागा असेल तेथे मांडलेले. ज्या कवीने अन्यत्र यमकानुप्रासांचा आणि श्लेषाचा सोस दाखविला आहे, त्याने येथे इतके कोरडे व्हावे याचे कारण असे संभवते की, हे श्लोक त्याला काव्य म्हणून नव्हे तर दस्तऐवज म्हणून वाचले जावेत असे वाटत होते. दुर्दैव असे की, त्याच कोरड्या ठिकाणी कोरक्याचा हात चुकला. भूतसंख्या वापरली असती तर 'ग' आणि 'श' यांचा घोटाळा निदान या जागी झाला नसता.

आता शकवर्षाकडे वळावयाचे. बदामीच्या घराण्यात या कालगणनेचा प्रवेश स्पष्ट दिसतो. पहिल्या पुलकेशीचा बदामी येथील शिलालेख शके ४६५ चा आहे. पहिल्या कीर्तिवर्म्याच्या कारकीर्दीतील, बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील लेख शक राजाच्या राज्याभिषेकापासून ५०० वर्षे लोटल्याचे सांगतो. आणि ऐहोळ्यास 'शक राजांची' ५५६ वर्षे येतात. शालिवाहनाचे नाव या कालगणनेस अनेक शतकांनी चिकटले. सातव्या शतकात ती शकांची म्हणूनच चालत होती आणि तिच्या परकीय नावाचा चालुक्यांना काही संकोच वाटत नव्हता, हे लक्षात ठेवणे उपयुक्त आहे.

कवीने ही वर्षे लोटलेली, अर्थात गत सांगितली आहेत. शके ५५६ गत म्हणजे ५५७ वर्तमान. चैत्रादी मानाने हे वर्ष इ. स. ६३४ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन ६३५ च्या फेब्रुवारीच्या उत्तरार्धात संपले. प्रशस्तीत मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र यांपैकी काहीही नाही. त्यामुळे या वर्षाच्या पोटात अधिक खोल जाण्यास मार्ग नाही. इतिहासग्रंथांतून 'इ. स. ६३४' असा जो एकच आकडा छापला जातो, तो सोयीचा असला तरी अपुरा आहे. '६३४–३५' हाच यथार्थ निर्देश होय. या दोन आकड्यांमधील आडवी रेघ संशोधकाच्या संशयाची खूण आहे असे विद्यार्थी बहुधा समजतात. ती तशी नाही. एका गणनेचे वर्ष दुसऱ्या गणनेच्या वर्षात पुरते मावत नाही, इतकेच ती सांगते. ऐहोळ्याच्या वर्षाविषयी संशय मुळीच नाही. अपुरे आहे ते आपले मोजण्याचे पात्र. अर्थात कालिदासाच्या कालाची उत्तरमर्यादा म्हणून ज्यांना हे वर्ष हवे आहे त्यांना या बारा महिन्यांच्या मागेपुढे होण्याने काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो राजकीय इतिहासाची मांडणी करणारास.

चालुक्यांच्याच एका ताम्रपटावरून हे दाखविता येते. पुलकेशीचा हैदराबाद येथे मिळालेला ताम्रपट त्याच्या राज्यवर्ष तिसऱ्याचा, शके ५३४ गत, भाद्रपद अमावास्या, सूर्यग्रहण असा निर्देश असलेला आहे. शके ५३४ गत मधील जवळचे सूर्यग्रहण २ ऑगस्ट ६१२ चे. दक्षिणेत आज रूढ असलेल्या अमान्त पद्धतीने तो श्रावणाचा शेवट होतो. पूर्णिमान्त पद्धतीनेच ती भाद्रपदाची अमावास्या ठरते. दुसऱ्या बाजूस २३ जुलै ६१३ च्या ग्रहणाचाही पक्ष मांडला गेला, पण तो घेतला तर 'गत' शब्दाची ओढाताण करावी लागते. वर्षाचा आकडा स्पष्ट असूनही महिना कोणत्या रीतीने संपतो आणि वर्ष लोटलेले की चालू, या दोन गोष्टींवर सबंध तारीख हेलकावे खाते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात आणि त्याच वर्षी सेवेल यांच्यासह प्रकाशित केलेल्या पंचांगविषयक ग्रंथात हे भेद इतके स्वच्छ मांडले आहेत की, त्यानंतर या बाबतीत चूक करावयास फारसे निमित्त उरलेले नाही.

ज्या वर्षी मेगुतीचे मंदिर पुरे झाले, त्याच वर्षी विंध्याच्या आसपास इतर राजवटी कोणती वर्षे लिहीत होत्या? वलभीस मैत्रकांचे राज्य होते आणि तेथे गुप्त गणना चालू होती. शकातून २४१ वजा करण्याच्या रीतीने ते वर्ष ३१५ येते. माळव्यात जी गणना पुढे विक्रमाच्या नावाने ओळखली गेली, तिचे ६९१ वे वर्ष लोटले होते. कनौजास हर्षाचे राज्यवर्ष अठ्ठाविसाच्या पुढेमागे असणार. बांसखेड्याचा ताम्रपट बाविसाव्या आणि मधुबनचा पंचविसाव्या वर्षाचा आहे. परंतु या साऱ्या संख्या गणिताने काढलेल्या आहेत, लेखांतून वाचलेल्या नाहीत. वाचावयास मिळते ती गुर्जर राजा दद्द दुसरा याची. खेडा येथे मिळालेल्या त्याच्या ताम्रपटांपैकी एक कलचुरी वर्ष ३८० चा व दुसरा ३८५ चा असून दोन्ही कार्तिकी पौर्णिमेचे आहेत. वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९५५ मध्ये कलचुरी-चेदी लेखांचा जो महाग्रंथ सिद्ध केला, त्यात या गणनेच्या आरंभाची चर्चा साकल्याने आली आहे. ३८५ हे वर्ष गत धरले तर ती कार्तिकी पौर्णिमा इ. स. ६३४ ची होते, वर्तमान धरले तर ६३३ ची. रविकीर्ती ज्या गुर्जरांना पुलकेशीच्या प्रभावाने नमलेले म्हणून वर्णितो, त्यांचाच हा राजा. तो दानपत्र देताना शकवर्षाचा निर्देश करीत नाही, कलचुरी वर्षच लिहितो. प्रशस्तीतील अतिशयोक्तीचे मोजमाप करावयास हा एक आकडा पुष्कळ उपयोगी आहे. सार्वभौमाची कालगणना मांडलिकाच्या लेखणीत उतरत नाही, तेथे सार्वभौमत्व किती खोल गेले होते याचा विचार करणे प्राप्त होते. एवढ्यावरून दद्द स्वतंत्रच होता असे मात्र म्हणता येणार नाही, कारण कालगणना बहुधा प्रदेशाची असते, राजाची नसते.

यावरून दिसून येईल की, शके ५५६ च्या या सर्व वर्षांना एकत्र बांधणारा एकही समकालीन लेख उपलब्ध पुराव्यात पुढे येत नाही. दोन स्वतंत्र गणनांचा खरा मेळ कसा असतो हे पाहावयाचे तर सहा शतके खाली उतरून सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेरावळास जावे लागते. चौलुक्य-वाघेला राजा अर्जुनदेव याच्या कारकीर्दीत होर्मुझच्या नूरुद्दीन फिरूझ या नौवित्तकाने सोमनाथपाटणाजवळ मशीद बांधली. तिच्या व्यवस्थेविषयीच्या संस्कृत लेखात चार वर्षे दिली आहेत: रसूल महंमदाचे ६६२, विक्रमाचे १३२०, वलभीचे ९४५ आणि सिंह संवताचे १५१. आषाढ वद्य त्रयोदशी, रविवार. ती तारीख २५ मे १२६४ ही होय. येथे हिजरी वर्ष निर्णायक आहे. विक्रम व वलभी ही वर्षे एकमेकांपासून स्थिर अंतराने काढता येतील, पण हिजरी वर्षात अधिक मास नसल्यामुळे त्याचे इतर गणनांपासूनचे अंतर सतत पालटत राहते. कोणत्याही गणकाने ३१७९ सारखी एखादी ठरीव संख्या मिळवून ते लिहिता येत नाही. ज्या समाजात ते रोज चालते, त्याच समाजाकडून ते घ्यावे लागते. त्यास वाराची जोड मिळाली, आणि गुप्त-वलभी गणनेच्या आरंभाविषयीच्या वादात हा लेख आधारस्तंभ ठरला. शिवाय त्यातील विक्रमवर्ष कार्तिकादी असल्याने शकाशी त्याचे अंतर नेहमीच्या १३५ ऐवजी १३४ पडते. आकड्यांतील अशी न जुळणारी कंगोरेच लेखाच्या अस्सलपणाची ग्वाही देतात. ऐहोळ्याचे आकडे फार गुळगुळीत जुळतात.

अल्बेरूनीची पद्धत या दोहोंहून निराळी होती. भारतीय गणनांचा गोंधळ उलगडण्यासाठी त्याने यज्दगिर्दाचे ४०० वे वर्ष, म्हणजे इ. स. १०३१ च्या वसंतापासूनचे वर्ष, मापदंड म्हणून निवडले आणि त्या एका वर्षास श्रीहर्षाचे १४८८, विक्रमाचे १०८८, शकाचे ९५३ व वलभीचे ७१२ अशी वर्षे लावून दाखविली. कलीची ४१३२ वर्षे लोटल्याचे सांगून भारतयुद्धापासून मात्र त्याने ३४७९ वर्षे दिली. या दोहोंतील अंतर बरोबर ६५३. कली आणि भारतयुद्ध यांची गल्लत न करता दोन्ही परंपरा त्याने शेजारी शेजारी ठेवल्या. हे कोष्टक आहे, लेख नव्हे. ते केलेल्या माणसाने आपण कोष्टक करीत आहोत हे लपविले नाही. रविकीर्तीचे दोन श्लोक वस्तुतः याच जातीचे आहेत, मात्र ते शिलेवर असल्यामुळे त्यांना पुराव्याचे रूप आले.

अल्बेरूनीच्या या मापदंडाचा आरंभही पुन्हा शके ५५६ च्या आसपासच येतो, हा एक योगायोग. इराणात तिसरा यज्दगिर्द ६३२ च्या जूनमध्ये गादीवर आला. ऐहोळ्याच्या वर्षात त्याचे दुसरे व तिसरे राज्यवर्ष चालू होते. त्यास कोणी संवत म्हणत नव्हते. राजा ६५१ मध्ये मारला गेला, त्याच्या मागे वर्षे मोजावयास नवा राजा आला नाही, म्हणून जुनीच मोजणी पुढे चालू राहून तिचा संवत झाला. याहून विलक्षण योगायोग हिजरीचा. हिजरी १३ हे वर्ष ७ मार्च ६३४ रोजी सुरू होऊन ६३५ च्या फेब्रुवारीअखेर संपते. अर्थात त्याचे बारा चांद्रमास आणि शके ५५६ चे बारा मास जवळजवळ एकच आहेत. दोन्हींचा आरंभ एकाच अमावास्येनंतरचा. पुढच्या अधिक मासाबरोबर ती दुरावली. पण ६३४ मध्ये 'हिजरी १३' असे कोणीच लिहिले नव्हते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये खलीफा अबू बक्र यांचे निधन झाले, आणि हिजरी गणना ठरविली ती त्यांच्यानंतरच्या खलीफा उमर यांनी, सन ६३८ च्या सुमारास. मागील वर्षांना आकडे मागाहून मिळाले. ज्या ख्रिस्ती आकड्यात आपण हे सारे उतरवितो, त्याची गतही वेगळी नाही. डायोनिसियसने ही गणना ५२५ मध्ये सुचविली असली तरी इतिहासलेखनात तिला प्रतिष्ठा मिळाली ती बीडच्या ७३१ मधील ग्रंथाने. कॉन्स्टँटिनोपलच्या दप्तरात तेव्हा पंधरा वर्षांच्या करचक्राचे सातवे वर्ष होते आणि सप्टेंबरपासून आठवे. तेव्हा '६३४' हे वर्ष त्या वर्षी जगलेल्या मनुष्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. शके ५५६ हे मात्र ऐहोळ्याच्या मंदिरात येणाऱ्या अक्षरओळख असलेल्या कोणासही वाचता येत होते.

एखाद्या वर्षाचे असे रूपांतर करताना ज्या चुका होतात, त्यांपैकी सर्वांत महाग पडलेली चूक हर्ष–पुलकेशी युद्धाच्या बाबतीत झाली. हर्षाच्या पराभवाचा श्लोक प्रशस्तीत आहे आणि प्रशस्तीस वर्ष आहे, यावरून युद्धाचे वर्ष प्रशस्तीच्या जवळपासचे असावे असा कल पुष्कळ अभ्यासकांचा झाला. ६१२ च्या हैदराबाद ताम्रपटातील 'परमेश्वर' या बिरुदावरून फ्लीटने युद्ध त्यापूर्वी नेले. उलट शके ५५२ च्या, नाशिक जिल्ह्यातील लोहणेर ताम्रपटात हर्षाचे नाव नाही म्हणून आळतेकरांनी ते ६३० आणि ६३४ यांच्या दरम्यान आणले. अनुल्लेखावर उभारलेला हा तर्क दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत राहिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील श्रीनंद बापट व प्रदीप सोहोनी यांनी प्रकाशात आणलेला पुलकेशीचा विजापूर–मुंबई ताम्रपट इ. स. ६१९ चा असून त्यात हर्षावरील विजयाचा उल्लेख आहे. त्यामुळे युद्ध प्रशस्तीच्या निदान पंधरा वर्षे अगोदर जाते. रविकीर्तीने दिग्विजयाचे श्लोक कालक्रमाने रचिले असतील, नसतील. त्यांपैकी एकाही विजयास त्याने वर्ष दिलेले नाही. ३७३५ आणि ५५६ हे दोन्ही आकडे विजयांच्या वर्णनानंतर, मंदिराच्या निर्मितीच्या वाक्यात येतात, आणि ज्या क्रियापदाशी त्यांचा अन्वय आहे ते पाषाणाचे जिनगृह बांधविले जाण्याचे आहे.